मिरचीत ‘क’ जीवनसत्त्व शोधणारा शास्त्रज्ञ

कापलेले सफरचंद थोड्या वेळात तपकिरी पडते. त्यावर लिंबू पिळले तर पडत नाही. स्वयंपाकघरातल्या या साध्या गोष्टीमागचे कारण शोधता शोधता अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी हे हंगेरियन शास्त्रज्ञ ‘क’ जीवनसत्त्वापर्यंत पोहोचले.

१६ सप्टेंबर १८९३ रोजी बुडापेस्ट येथे त्यांचा जन्म झाला. वैद्यकीय शिक्षण चालू असतानाच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि त्यांना आघाडीवर जावे लागले. तेथील संहाराला विटून १९१६ मध्ये त्यांनी स्वतःच्याच दंडात गोळी झाडून घेतली. परत पाठवणी झाल्यावर १९१७ मध्ये त्यांनी पदवी पूर्ण केली.

पुढे हॉलंडमधील ग्रोनिंगेन येथे त्यांनी वनस्पतींतील ऑक्सिडीकरणाचा अभ्यास हाती घेतला. फळांच्या रसातील एक द्रव्य ऑक्सिडीकरण लांबवते, असे त्यांना आढळले. केंब्रिज येथे त्यांनी तेच द्रव्य जनावरांच्या अधिवृक्क ग्रंथींतून वेगळे केले. मात्र ते फारच थोडे मिळे.

१९३० च्या दशकाच्या आरंभी ते हंगेरीतील सेगेद विद्यापीठात आले. सहकारी स्विरबेली यांच्यासह गिनीपिगवर केलेल्या प्रयोगांतून, हे द्रव्य म्हणजेच स्कर्व्ही रोखणारे ‘क’ जीवनसत्त्व असल्याचे १९३२ मध्ये सिद्ध झाले. एका रात्री जेवणात आलेली ताजी पाप्रिका मिरची न खाता त्यांनी थेट प्रयोगशाळेत नेली. त्या मिरचीत या जीवनसत्त्वाचा प्रचंड साठा निघाला. काही आठवड्यांतच किलोभराहून अधिक जीवनसत्त्व हाती आले आणि जगभरच्या संशोधकांना त्याचा पुरवठा होऊ लागला. १९३७ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या पदकाचे सोने त्यांनी सोव्हिएत आक्रमणाशी झुंजणाऱ्या फिनलंडच्या मदतीसाठी देऊन टाकले. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांशी गुप्त बोलणी करण्यासाठी १९४३ मध्ये ते इस्तंबूलला गेले. हिटलरची वक्रदृष्टी वळल्याने पुढे त्यांना भूमिगत राहावे लागले. १९४७ मध्ये ते अमेरिकेत स्थायिक झाले. २२ ऑक्टोबर १९८६ रोजी वुड्स होल येथे त्यांचे निधन झाले. अखेरची वर्षे त्यांनी कर्करोग आणि मुक्तकण यांच्या संशोधनात घालवली.

हे मुक्तकण कोठून येतात? शरीरातील पेशी प्राणवायूच्या साहाय्याने अन्न जाळून ऊर्जा मिळवतात. या क्रियेत इलेक्ट्रॉनची जोडी अपुरी असलेले अस्थिर कण तयार होतात. पेशीचे आवरण, प्रथिने आणि डीएनए यांतून ते इलेक्ट्रॉन ओढून घेतात. ‘क’ जीवनसत्त्व स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन त्यांना शांत करते. शरीराची बचावयंत्रणा अपुरी पडली की ऑक्सिडेटिव्ह ताण निर्माण होतो. रक्तवाहिन्या कठीण होणे, मोतीबिंदू, मधुमेहातील गुंतागुंत, कर्करोग अशा विकारांशी त्याचा संबंध जोडला जातो. तंबाखूचा धूर आणि प्रदूषित हवा हा ताण वाढवतात.

म्हणून गोळ्यांचा मारा करणे हा मात्र उपाय नव्हे. मुक्तकण रोखणाऱ्या बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना देऊन पाहण्यात आल्या. १९९४ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. फळभाज्यांतील घटक एकमेकांच्या साथीने काम करतात. त्यांतला एकच काढून मोठ्या मात्रेत घेतल्याने तोच लाभ मिळेल असे नाही.

मनुष्याचे शरीर ‘क’ जीवनसत्त्व स्वतः बनवू शकत नाही. ते रोजच्या आहारातूनच मिळवावे लागते. पेरू, आवळा, लिंबू, ढोबळी मिरची ही त्याची सहज मिळणारी साधने होत. शिजवताना ते बरेचसे नष्ट होते, म्हणून जेवणात कोशिंबीर हवीच. तंबाखू सोडणे, नियमित चालणे आणि पुरेशी झोप यांची जोड दिली, तर ताण कमी राखण्यास मदत होते. सेंट-ग्यॉर्गी यांना हवे असलेले द्रव्य अखेर जेवणाच्या ताटातच सापडले होते. आजही ते तेथेच शोधणे श्रेयस्कर.