राजाला शोभणारा चहा कोणता? शाहू महाराजांनी दाखवून दिलं

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू महाराज झाले. १८९४ मध्ये त्यांनी कारभार हाती घेतला. १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. पण नुसत्या हुकमाने शिवाशिव जात नव्हती. दलित समाजातील गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढलं, तेव्हा सवर्ण तिकडे फिरकेनात. मग महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले, सोबतच्यांनाही पाजला. छत्रपतींना चालणारा चहा इतरांनी कोणत्या तोंडाने नाकारायचा? ६ मे १९२२ रोजी महाराज गेले. राजाला काय शोभतं, हे सांगताना कोल्हापुरात आजही त्या चहाची आठवण निघते.