श्ट्राउस आणि शुभवर्तमानांची ऐतिहासिकता

डेव्हिड फ्रीड्रिख श्ट्राउस यांचा जन्म २७ जानेवारी १८०८ रोजी जर्मनीतील लुडविग्सबुर्ग येथे झाला. ब्लाउबॉयरेन येथे व पुढे ट्यूबिंगेन विद्यापीठात त्यांना एफ. सी. बाउर हे गुरू लाभले. १८३१ मध्ये हेगेल यांची व्याख्याने ऐकण्यासाठी ते बर्लिनला गेले. परंतु थोड्याच दिवसांत हेगेल निवर्तले.

त्या काळी शुभवर्तमानांच्या वाचनाचे दोन पंथ प्रबळ होते. परंपरावादी त्यांतील चमत्कार जसेच्या तसे घडले असे मानीत. बुद्धिवादी त्यांची नैसर्गिक उपपत्ती लावीत. येशू पाण्यावरून नव्हे, तर काठावरून चालला, असे पाउलुस प्रतिपादीत. १८३५-३६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या येशूचरित्रात श्ट्राउस यांनी दोन्ही पंथ नाकारले. कथेमागे तशी घटना असलीच पाहिजे, हे दोहोंचे समान गृहीतक त्यांना अमान्य होते. अशा पुष्कळ कथा त्यांच्या मते मिथके होत. जुन्या करारातील मान्ना आणि अलीशा यांच्या कथांनी मसीहाविषयीची अपेक्षा घडविली आणि त्या अपेक्षेतून आद्य ख्रिस्ती समाजाच्या श्रद्धेने भाकरींच्या चमत्काराची कथा नकळत निर्माण केली. त्यात लबाडी नव्हती. येशू होऊन गेला, हेही त्यांनी नाकारले नाही.

या ग्रंथापायी १८३५ मध्येच त्यांचे ट्यूबिंगेनचे पद गेले. तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाविषयी काहीशी माघार घेतली. १८३९ मध्ये झुरिच येथे त्यांची प्राध्यापकपदी नेमणूक झाली. परंतु लोकक्षोभामुळे रुजू होण्यापूर्वीच त्यांना निवृत्तिवेतन देण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरात तेथील सरकारही उलथले. १८४० च्या चौथ्या आवृत्तीत मात्र त्यांनी दिलेल्या सवलती परत घेतल्या. हीच आवृत्ती मेरियन एव्हन्स, म्हणजे पुढील काळातील जॉर्ज एलियट, यांनी १८४६ मध्ये इंग्रजीत आणली.

इतिहास वजा केल्यावरही श्रद्धेचा गाभा कल्पनारूपाने टिकतो, असा श्ट्राउस यांचा आरंभीचा विश्वास होता. १८७२ मधील अखेरच्या ग्रंथात, आपण आता ख्रिस्ती उरलो नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. ८ फेब्रुवारी १८७४ रोजी लुडविग्सबुर्ग येथेच त्यांचे निधन झाले. मार्काच्या शुभवर्तमानाचे प्राचीनत्व त्यांनी ओळखले नाही, ही त्यांच्या विवेचनाची उणीव होय. तथापि कथेची सत्यासत्यता तपासण्यापूर्वी तिचा प्रकार ओळखावा, ही त्यांची शिस्त साहित्याच्या अभ्यासकालाही मार्गदर्शक ठरते.