स्टीफन हिस्लॉप

स्टीफन हिस्लॉप (८ सप्टेंबर १८१७ – ४ सप्टेंबर १८६३) हे नागपूर येथे कार्य केलेले स्कॉटिश मिशनरी, शिक्षक व भूशास्त्राचे अभ्यासक होते. मध्य भारतातील गाळाचे खडक व अग्निज खडक यांच्या परस्परसंबंधाच्या आरंभीच्या अभ्यासकांत त्यांची गणना होते.

त्यांचा जन्म स्कॉटलंडमधील डन्स येथे झाला. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वतीने ते १८४५ साली नागपुरास आले, मराठी शिकले व तेथे त्यांनी शाळा काढली. भूशास्त्र हा त्यांचा पेशा नव्हता. मिशनच्या कामानिमित्त होणाऱ्या भ्रमंतीत ते खडकांचे व जीवाश्मांचे नमुने गोळा करीत.

या अभ्यासास नागपूरचे स्थान विशेष अनुकूल होते. कोकणात पेण, रोहा या भागांतील डोंगर बहुतांशी बेसाल्टचेच आहेत. थिजलेल्या लाव्ह्यापासून बनलेल्या या अग्निज खडकात एकमेकांत गुंतलेले स्फटिक व वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या आढळतात. तेथे ट्रॅपची जाडी इतकी आहे की, त्याखालचा जुना खडक दृष्टीस पडत नाही. नागपूर मात्र दख्खन ट्रॅपच्या पूर्व सीमेवर वसले आहे. तेथे लाव्ह्याचे आवरण पातळ असून शहरात बेसाल्ट, तर थोड्या अंतरावर कामठी व सिलेवाडा येथे वालुकाश्म आढळतो. वाळूचे कण थरांनी साचून घट्ट झालेल्या या गाळाच्या खडकात वनस्पतींचे ठसे टिकून राहिले आहेत.

१८५१ मध्ये हिस्लॉप व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना नागपूरजवळील टाकळी येथे लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दबलेला गाळाचा पातळ थर आढळला. त्यात गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे शंख होते. सीताबर्डीच्या टेकडीवरही अशीच रचना दिसते. अशा थरांना पुढे आंतरट्रॅपी थर म्हटले जाऊ लागले. या निरीक्षणांवरील त्यांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला.

दोन लाव्ह्यांमध्ये गाळ कसा साचला, हा खरा वादाचा विषय होता. हिस्लॉप यांच्या मते सरोवरातील गाळ आधीचा. त्यावर लाव्हा पसरला आणि खालचा बेसाल्ट नंतर तळातून घुसला. तसे असते, तर गाळाचा तळही उष्णतेने भाजून निघाला असता. विल्यम ब्लॅनफर्ड यांनी हे मत अमान्य केले. एक लाव्हा थंड झाल्यावर त्याच्या पृष्ठावरील तळ्यांत गाळ साचला व कालांतराने त्यावर दुसरा लाव्हा वाहिला, हे त्यांचे स्पष्टीकरण आज स्वीकारले जाते. हिस्लॉप हे थर तृतीय कल्पातील मानीत. दख्खनच्या लाव्ह्याचा मुख्य उद्रेक आता सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो.

मांगली येथून त्यांनी मिळविलेल्या उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी ब्रॅकिऑप्स या नावाने केले. हिस्लॉपाइट हे खनिजनाम व गोड्या पाण्यातील हिस्लॉपिया ही प्राणिप्रजाती त्यांच्या नावावरून आली आहे.

टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना पुराने भरलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. आदिवासी जमातींविषयीची त्यांची अपूर्ण टिपणे रिचर्ड टेंपल यांनी संपादून १८६६ मध्ये प्रकाशित केली. नागपुरातील हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्ये स्थापन झाले.