गाडीचा पार्ट कोणत्या देशाचा घ्यावा? सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या आयुष्यातून समजून घ्या

बीडमध्ये गाडीचे ब्रेक पॅड बदलायला गेलं की काउंटरवर साधारण तीन डबे येतात. एक गाडीच्या कंपनीचा ओरिजिनल, एक नावाजलेल्या देशी ब्रँडचा आणि तिसरा चायना माल, सगळ्यात स्वस्त. गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कुठं बनलाय? मांजरसुंब्याचा घाट रोज उतरणाऱ्यासाठी हा प्रश्न हौसेचा नाही.

पण पार्टवर देशाचं नाव वाचून नेमकं काय कळतं? याचं उत्तर शोधायला सोलापूरच्या एका माणसाचं आयुष्य उपयोगी पडतं. भारतात मोटार बनलीच पाहिजे म्हणून तो वर्षानुवर्षं सरकारशी भांडला आणि त्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली पहिली गाडी मात्र अमेरिकेतून आलेल्या सुट्या भागांची होती.

कोण होते वालचंद हिराचंद?

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणं दिगंबर जैन व्यापाऱ्यांचं, मूळ सौराष्ट्रातल्या वांकानेरचं. वडील हिराचंद नेमचंद यांचा कापसाचा आणि सावकारीचा व्यवसाय होता. वालचंद मॅट्रिक झाले, कॉलेजलाही गेले, पण पदवी पूर्ण केली नाही. घरच्या पेढीतही त्यांचं मन रमलं नाही.

त्यांना वाट सापडली ती रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्यामुळे. दोघांनी भागीदारीत ठेकेदारी सुरू केली आणि १९०३ च्या सुमारास बार्शी लाइट रेल्वेच्या बार्शी-येडशी टप्प्याचं काम घेतलं. मराठवाड्याच्या वाचकांना ही अडीच फुटी रूळांची गाडी ऐकून माहीत असेल. पुढे १९११ मध्ये ती लातूरपर्यंत पोहोचली. तेव्हा बार्शी इंग्रजांच्या मुलखात होती, तर येडशी आणि बीड निजामाच्या राज्यात. या रेल्वेची सुरुवातीची इंजिनं इंग्लंडमधल्या लीड्सची होती. भराव टाकणारे हात मात्र इथले.

पुढे फाटक-वालचंद कंपनीने बोरघाटातल्या बोगद्यांसारखी मोठी कामं केली. पैसा आला आणि वालचंद यांची नजर समुद्राकडे गेली.

स्वदेशी जहाज, पण बनावट कुठली?

१९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या महाराजांकडचं एक जहाज विक्रीला निघालं. वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी आणि इतरांना सोबत घेऊन ते विकत घेतलं आणि सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. एस. एस. लॉयल्टी हे ते जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघालं. आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात तो यामुळेच.

आता गंमत बघा. भारतीय मालकीच्या जहाजवाहतुकीचं प्रतीक ठरलेलं हे जहाज १८९१ मध्ये इंग्लंडमध्येच बांधलेलं होतं. त्याचं आधीचं नाव एम्प्रेस ऑफ इंडिया, आणि ते कॅनडाच्या एका कंपनीसाठी पॅसिफिक महासागरात प्रवासी वाहतूक करत होतं. इंग्लंडचं बांधकाम म्हणजे त्या काळी उत्तमातलं उत्तम. तरीही हे जहाज सिंधियाला परवडलं नाही. प्रवाशांसाठी बांधलेल्या जुन्या जहाजात मालवाहतुकीचं गणित बसेना आणि १९२३ मध्ये ते भंगारात गेलं. बनावट चांगली होती, पण काम वेगळं होतं. महागड्या गाडीचा उत्तम पार्ट दुसऱ्याच मॉडेलला ठोकून बसवला तर जे होतं तेच.

त्यातही ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंधियाला बुडवायचा प्रयत्न केला. कंपनी टिकली, पण समझोते करत करत.

मधल्या काळात वालचंद यांनी रावळगाव आणि कळंब इथे ऊस आणि साखरेचे उद्योग उभे केले. इंदापूर तालुक्यातलं कळंब म्हणजेच आजचं वालचंदनगर.

मोटारीसाठी इतकी धडपड का?

१९२८ पासून जनरल मोटर्स मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती. थोड्याच काळात फोर्डही आली. सुटे भाग पेट्यांतून यायचे, इथे नट-बोल्ट आवळले जायचे, गाडी विकली जायची. कामगार भारतीय, रस्ता भारतीय. पण गिअर तुटला तर नवा गिअर जहाजानेच यायचा. वालचंद यांना खुपत होतं ते हेच.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मोटार कारखान्याचा आराखडा तयार केला होता. वालचंद त्यांच्यासोबत उभे राहिले. मुंबईतल्या खेर मंत्रिमंडळाने मदतीची तयारी दाखवली, पण १९३९ मध्ये त्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्याच वर्षी वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी जमलं. महायुद्ध सुरू झाल्यावर दिल्लीच्या सरकारने मात्र दाद दिली नाही. लष्कराला ट्रक हवे होते, पण ते परदेशातून आणायचे असंच धोरण राहिलं.

त्याच अमेरिका दौऱ्यावरून परतताना विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या विमानांच्या अमेरिकी व्यापाऱ्याशी पडली. त्या ओळखीतून डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. आजची एचएएल ती हीच. मोटार मागायला गेलेला माणूस विमानाचा कारखाना घेऊन परतला! १९४२ मध्ये सरकारने ती कंपनी ताब्यात घेतली आणि युद्धाच्या उरलेल्या काळात तिथे मुख्यतः अमेरिकी विमानांची दुरुस्ती चालली. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली, तीही वालचंद यांच्याच सिंधियाची. तिथे बांधलेलं जलउषा हे जहाज १९४८ मध्ये पाण्यात उतरलं.

कुर्ल्याची गाडी कितपत भारतीय होती?

प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी १९४४ मध्ये स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या निघाल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो, फार्गो ही नावं क्रायस्लरची आणि भागही त्यांचेच. म्हणजे सुरुवातीला वालचंद नेमकं तेच करत होते जे फोर्ड आणि जनरल मोटर्स करत होत्या. टीकाकारांना हे दिसत होतंच.

फरक पुढच्या हेतूत होता. एकेक भाग इथे बनवायला शिकायचं आणि पेटीतून येणारा माल कमी करत जायचा. हे बोलायला सोपं आहे. टायर भारतात बनत होते, डनलॉपचा साहागंजचा कारखाना १९३६ चा. पत्र्याचं काम जमण्यासारखं होतं. पण गिअर किंवा क्रँकशाफ्टसाठी विशिष्ट मिश्रधातूचं पोलाद लागतं, फोर्जिंग लागतं, उष्णता देऊन कडकपणा आणावा लागतो आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप सांभाळावं लागतं. इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपमध्ये ज्याने एक साधा जॉब मापात बसवण्यासाठी अख्खी दुपार घालवली आहे, त्याला कुर्ल्याच्या अडचणी वेगळ्या समजावून सांगायला नकोत.

देशाच्या नावातून यातलं काहीच दिसत नाही. ड्रॉइंग तेच, धातू तोच, उष्णताप्रक्रिया आणि तपासणी तीच असेल तर पार्ट कुर्ल्यात बनला काय किंवा डेट्रॉइटमध्ये, तो सारखाच चालतो. आणि तपासणी गाळली तर कोणत्याही देशात बनलेला पार्ट दगा देतो.

मग आज दुकानात काय बघायचं?

गाडी बनवणारी कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, फिल्टर, बेअरिंग हे पुरवठादार बनवतात. संभाजीनगरजवळच्या वाळूजसारख्या वसाहतींत असे कितीतरी कारखाने आहेत. अनेकदा तोच पुरवठादार तोच प्रकार स्वतःच्या ब्रँडच्या डब्यात कमी किमतीला विकतो. त्यामुळे आपल्या मॉडेलला मूळ पुरवठा कोणाचा, हे मेकॅनिकला विचारणं देश विचारण्यापेक्षा जास्त उपयोगाचं.

चीनचंही तसंच. जगातल्या बड्या कंपन्यांना मूळ पार्ट पुरवणारे कारखाने तिथे आहेत आणि बिननावाचा माल काढणारेही. देशी ब्रँडच्या डब्यात आयात केलेला पार्टही असू शकतो, म्हणून डब्याची मागची बाजू वाचावी. नियमानुसार तिथे उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि आयात मालावर मूळ देश छापलेला असायला हवा. आयातदाराचा पत्ताच नसेल तर तक्रार कोणाकडे नेणार? टायर आणि गाडीच्या काचेवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, तेही पाहावं.

खरी भीती परदेशी मालाची नाही, डुप्लिकेटची आहे, आणि डुप्लिकेट डब्यावर कोणत्याही देशाचं नाव छापता येतं. म्हणून पार्ट नंबर जुन्या पार्टशी जुळवावा आणि जीएसटीचं पक्कं बिल मागावं. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शनचे जॉइंट यांत पैसे वाचवू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. वायपर, मॅट, आरशाचं कव्हर स्वस्तातलं घेतलं तरी बिघडत नाही. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन जिल्ह्याबाहेर जाणाऱ्यांनी बेअरिंग घेताना जरा जास्तच डोळे उघडे ठेवावेत. भरल्या ट्रॉलीचं बेअरिंग रस्त्यात बसलं तर वाचवलेल्या पैशांपेक्षा बुडालेला दिवस महाग पडतो.

वालचंद यांच्यानंतर काय झालं?

१९४९ मध्ये वालचंद यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि पुढच्या वर्षी ते कामातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूर इथे त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने ठरवलं की इथे भाग बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या, नुसती जोडणी करणाऱ्या कंपन्यांना यापुढे वाव नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्सनी गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली. ज्या निर्णयासाठी ते इतकी वर्षं झगडले, त्याचा परिणाम पाहायला ते नव्हते.

कुर्ल्यात पुढे इटलीच्या फियाटची ११०० बनू लागली आणि हळूहळू तिचे बहुतेक भाग इथेच तयार होऊ लागले. सत्तरच्या दशकात तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली, आणि शेवटपर्यंत लोक तिला फियाटच म्हणत राहिले.