मेचनिकॉफ आणि त्यांचे आंबट दूध

तारुण्यात ज्याने दोनदा मरणाला हाक मारली, त्यानेच उतारवयात दीर्घायुष्याचा ध्यास घ्यावा, असा विलक्षण योग एली मेचनिकॉफ यांच्या चरित्रात आहे. १८४५ साली खार्कोव्हजवळ जन्मलेल्या या प्राणिशास्त्रज्ञाची पहिली पत्नी ल्युदमिला १८७३ मध्ये क्षयाने गेली. दुःखावेगात त्यांनी अफूचे सत्त्व घेतले. मात्रा इतकी मोठी झाली की उलटी होऊनच ते वाचले. पुढे १८८१ साली त्यांनी तापकऱ्याचे रक्त स्वतःला टोचून घेतले. तेव्हाही जीव गेला नाही.

त्यानंतरचे वर्ष मेसिनाचे. घरची मंडळी सर्कशीतली माकडे पाहायला गेलेली, आणि हे एकटे सूक्ष्मदर्शकापाशी. तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगात काही पेशी भटकताना दिसत होत्या. या जर देहाच्या राखणदार असतील, तर अंगात काटा शिरताच त्याच्याभोवती जमायला हव्यात! बागेतल्या गुलाबाचे काटे आणून त्यांनी पिलांना टोचले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे पाहतात तो काट्याभोवती पेशींचा वेढा पडलेला. या संशोधनासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना एर्लिख यांच्यासह मिळाले.

१८८८ पासून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होते. तेथे म्हातारपणाचा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला. मोठ्या आतड्यात अन्न कुजते व त्याचे विष देहात भिनते, असे त्यांचे मत. आता, नासलेले दूध आणि विरजलेले दूध यांतला भेद आपल्या घरच्या बायकांना सांगावा लागत नाही. विरजणातले जंतू दुधातली साखर खाऊन आम्ल करतात आणि त्या आम्लात कुजवणाऱ्या जंतूंचे फारसे चालत नाही. दही खाणारे बल्गेरियन शेतकरी पुष्कळ जगतात, असेही त्यांच्या कानी होते. १९०४ च्या व्याख्यानानंतर पॅरिसमध्ये आंबट दुधाची एकच लाट उसळली. व्यापाऱ्यांनी त्यांच्या नावावर हात धुऊन घेतले, हे मात्र त्यांच्यावर अन्यायाचेच झाले. ते स्वतः रोज नेमाने ते दूध घेत. १९१६ साली, एकाहत्तराव्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी त्याच संस्थेच्या ग्रंथालयात आहेत.

बल्गेरियन जंतू आतड्यात वस्ती करीत नाही, हे पुढे सिद्ध झाले. ज्यांना दुधातली साखर सोसत नाही त्यांना ती पचवायला दह्यातले जंतू मदत करतात, एवढे मात्र आज निश्चित मानतात. नवल असे की, दुसरा धागा मेचनिकॉफ यांच्या संस्थेतच होता. अंगावर पिणाऱ्या तान्ह्यांच्या पोटातील दुभंगी जंतू तिसिए यांना तेथेच १८९९ साली सापडले होते. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की बाळाला त्या पचतच नाहीत. त्या या जंतूंचे अन्न होतात, हा उलगडा पुढच्या पिढ्यांनी केला. जंतूंना पोसणाऱ्या अशा अन्नाला शास्त्रात ‘प्रीबायोटिक’ हे नाव पडले, ते १९९५ मध्ये.