नानाभॉय मूस
नानाभॉय आर्देशिर फ्रामजी मूस (जन्म : २९ ऑक्टोबर १८५९, मृत्यू : १९३६) हे भूचुंबकत्वाचे अभ्यासक आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक (१८९६–१९१९) होते. एडिंबरो विद्यापीठातून त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली.

अलिबाग वेधशाळा

कुलाब्यास १८४६ पासून भूचुंबकीय नोंदी सलग होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार हे निश्चित झाल्यावर, रुळांतून जमिनीत पसरणाऱ्या विद्युतप्रवाहामुळे या सूक्ष्म मापनांत दोष शिरण्याचा धोका निर्माण झाला. म्हणून मूस यांनी रेवदंड्याच्या उत्तरेस, त्याच किनाऱ्यावरील अलिबागची निवड केली. तेथे १९०४ मध्ये वेधशाळा सुरू झाली. तिच्या इमारतीसाठी अचुंबकीय दगड वापरण्यात आला. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतल्याने दोहोंतील फरक काढता आला व जुनी नोंदमालिका खंडित न होता नव्या स्थळी पुढे चालू राहिली. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावू लागली.

लेखन

१८४६ ते १९०५ या काळातील कुलाब्याच्या नोंदींचे मूस यांनी केलेले विश्लेषण १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले. अलिबाग वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत कार्यरत आहे.