कोमराम भीम व जमिनीचा पट्टा

जिवतीच्या पठारावरून दक्षिणेस पाहिलें असतां डोंगरांच्या ज्या रांगा दिसतात, त्यांतील कोणती महाराष्ट्राची व कोणती तेलंगणाची, हें नुसत्या डोळ्यांस ओळखतां येत नाहीं. १९४० सालीं हा प्रश्नच नव्हता. माणिकगडचा हा सारा डोंगर त्या वेळीं राजुरा तालुक्यांत, आणि राजुरा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यांत मोडत होता. १९५६ सालीं राजुरा मुंबई राज्यांत आला व १९५९ सालीं चांदा जिल्ह्यास जोडला गेला. यास्तव, जोडेघाटच्या टेकड्यांत पोलिसांच्या गोळीनें पडलेला कोमराम भीम हा पलीकडच्या राज्याचा पुरुष आहे, असें समजून आमच्या इकडील सुशिक्षितांनीं त्याची ओळख करून घेतली नसेल, तर ती उणीव भरून काढणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं आसिफाबादच्या मुलुखांत एका गोंड घराण्यांत त्याचा जन्म झाला. त्या पिढीच्या वांट्यास आलेलें दुःख समजल्याविना त्याचें चरित्र कळावयाचें नाहीं. गोंडाची शेती पिढीजाद होती, पण तिचा कागद नव्हता. चार वर्षें कसावी, चार वर्षें पडीत ठेवावी, अशी डोंगराची वहिवाट असे. मोजणीदार आला तेव्हां त्यानें पडीत जमीन सरकारी लिहिली. पुढें जंगलखात्यानें हद्दीच्या रेषा ओढल्या, आणि रेषेच्या आंत राहिलेला माणूस स्वतःच्याच शेतांत गुन्हेगार ठरला. गुरें चारण्यास कर आणि सरपणाच्या लाकडास फी भरावी लागे. तिकडे मैदानांतून आलेला लिहितावाचता शेतकरी, सावकार किंवा व्यापारी कचेरींत जाई व त्याच जमिनीचा पट्टा आपल्या नांवें करून घेई. कचेरीचें दप्तर उर्दूंत असे, आणि गोंडाच्या भाषेस तेथें जागा नव्हती. या नव्या पट्टेदारांत मराठी बोलणारे थोडे नव्हते, हें आम्हीच सांगितलेलें बरें.

भीम तरुण असतां शेताच्या तंट्यांत सिद्दीकी नांवाचा एक जमीनदार त्याच्या हातून मारला गेला व त्यास परागंदा व्हावें लागलें, असें परंपरा सांगते. पळून तो आला तो या आमच्याच बाजूस, चांदा-बल्लारपुराकडे. तेथें विठोबा नांवाच्या एका छापखानेवाल्यानें त्यास आश्रय दिला. खिळे जुळवतां जुळवतां तो अक्षरें शिकला, अशी कथा आहे. आम्ही याच धंद्यांतले असल्यानें ही कथा आम्हांस विशेष प्रिय वाटते, हें कबूल करतों. तेथून तो आसामच्या चहाच्या मळ्यांवर गेला आणि मजुरांच्या भांडणांत पडून तुरुंगाचा अनुभव घेऊनच परतला, असेंही सांगतात.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. ज्याच्यावर खुनाचा आरोप आहे, ज्यास दूर देशीं पोट भरण्याची सोय मिळाली आहे, अशा माणसास माघारीं येण्याचें कारण काय होतें? कोणी बोलावलें नव्हतें. नांव बदलून साठ-सत्तर वर्षें सुखानें जगतां आलें असतें. तो आला, जोडेघाट व बाबेझरीच्या बाजूस त्यानें जंगल तोडून गांवें वसविलीं, आणि आयुष्याचीं उरलेलीं वर्षें त्या गांवांच्या हवालीं केलीं.

बंडखोर म्हणून तो आज प्रसिद्ध आहे. परंतु त्यानें प्रथम अर्जच केले व हैदराबादेपर्यंत जाऊन दाद मागितली, हें विसरलें जातें. शेवटीं सरकारनें पट्टे देऊं केले आणि त्यानें ते नाकारून पाणी, जंगल व जमीन या तिहींवर गोंडांचा स्वतंत्र हक्क मागितला, असें सांगतात. तडजोड स्वीकारावयास हवी होती, असें म्हणणारे आहेत. आम्ही स्वतः तडजोडीचे पक्षपाती आहों. तथापि ज्यास कागदानें वारंवार फसविलें, त्यानें आणखी एका कागदावर विश्वास कां ठेवावा, याचें उत्तर आम्हांपाशीं नाहीं. १९४० सालीं पोलीस टेकडीवर चढून गेले. गोळीबारांत भीम व त्याचे कित्येक साथीदार ठार झाले. त्याचें वय तेव्हां चाळिशीच्या आसपास होतें.

त्यानंतर जें घडलें तें आम्हांस मरणाइतकेंच महत्त्वाचें वाटतें. ज्या सरकारनें गोळी घातली, त्यासच हे लोक कां उठले याचा शोध करावा लागला. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ गोंडांत येऊन राहिले व त्यांनीं दुखण्याचें मूळ जमिनींत आहे, असा अहवाल दिला. १९४३ सालीं मारलावई येथें गोंड शिक्षक तयार करण्याचें केंद्र निघालें. या कामांत सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखा मराठी अधिकारी होता. त्यांनीं गोंडी व कोलामी या भाषा शिकून त्यांचीं व्याकरणें लिहिलीं. १९४६ सालीं आदिवासी क्षेत्रांचा कायदा झाला, आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यांत अकरा हजारांहून अधिक आदिवासींच्या नांवें सुमारें १ लाख ६० हजार एकर जमीन लागली. भीमानें यांतील एकही पट्टा पाहिला नाहीं.

पुढील तीसेक वर्षांत त्यांतील पुष्कळ जमीन पुन्हा परक्यांच्या हातीं गेली व २० एप्रिल १९८१ रोजीं इंद्रवेल्लीस पुन्हा गोंडांवर गोळी चालली, हेंही नमूद केलें पाहिजे. आतां भीमाचे पुतळे आहेत. २०१६ सालीं तेलंगणानें एका जिल्ह्यास त्याचें नांव दिलें. २०२२ सालच्या एका चित्रपटांत तर त्यास अल्लुरी सीताराम राजूचा जिवलग मित्र करून नाचविलें आहे. त्या दोघांची गांठ पडल्याचा कांहीं पुरावा नाहीं. पण निदान नांव तरी घरोघर पोहोंचलें. जोडेघाटास मात्र दर वर्षीं आश्विन पौर्णिमेस लोक आपले आपण जमतात.

इकडे जिवतीच्या पठारावर काय आहे? कोलाम व गोंड यांचे गुडे आहेत. दुष्काळानें मराठवाड्यांतून उठून आलेलीं कुटुंबें आहेत. कित्येकांची वहिवाटीची जमीन दप्तरीं वनाची म्हणून लिहिलेली आहे. २००६ सालीं वनहक्क कायदा झाला खरा. परंतु जो आदिवासी नाहीं त्यास तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो, आणि जो आदिवासी आहे त्यास अर्ज लिहून देणारा माणूस मिळत नाहीं. सरहद्दीवरील चौदा गांवांवर तर दोन राज्यांनीं हक्क सांगितला. तेथील लोकांनीं दोहोंचींही रेशनकार्डें बाळगलीं.

या पठाराचा कापूस गडचांदूर-राजुऱ्याच्या काट्यावर येतो. व्यापाऱ्याच्या चिठ्ठीवर शेतकऱ्याचें नांव असतें. त्याच शेताच्या सातबाऱ्यावर तें पुष्कळदां नसतें. आमची व्यापारी मंडळींस एवढीच सूचना आहे कीं, त्यांनीं वर्गणी काढून बाजाराच्या दिवशीं जिवतींत एक लिहिणारा कारकून बसवावा. त्यानें वनहक्काचे दावे मोफत भरून द्यावे व पोंच अर्जदाराच्या हातीं ठेवावी. खर्च एका लग्नाच्या मांडवाहून अधिक येणार नाहीं.